जीजेबी२ चा रिपोर्ट आलाय : दोष कानाचा, मग ईसीजी कशाला? कुणी समजावेल का

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी ऊस आणि ट्रॅक्टरच्या धाग्यांवर असतो, आज विषय घरचा आहे.

माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही असं निदान झालंय. जिथे जन्मला तिथे कानाची तपासणी झालीच नव्हती आणि ती करायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं. दिवाळीत अंगणात सुतळी बॉम्ब फुटत होते आणि हा पाळण्यात गाढ झोपलेला. बायकोला तेव्हाच शंका आली. डॉक्टर म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, घाई करू नका. आईनं त्याच्या मागं उभं राहून ताट वाजवून बघितलं, तर हा वळला. झालं, सगळे निर्धास्त. त्यात पुढचे बरेच महिने गेले. शेवटी बेरा केली, म्हणजे आवाज दिल्यावर कानाच्या नसेत आणि मेंदूत वीज उमटते का ते बघणारी तपासणी. ९० डेसिबलपर्यंत दोन्हीकडे काही नाही. सीटी आणि एमआरआय व्यवस्थित आहेत, नस आहे असं सांगितलं.

मग रक्त पाठवलं. रिपोर्टात लिहिलंय : जीजेबी२, डब्ल्यू२४एक्स, होमोझायगस. आम्हा नवरा-बायकोचंही पाठवलं, दोघांच्या पुढे हेटेरोझायगस. समुपदेशन करणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, कागदावर गोल आणि चौकोन काढून सांगत होत्या, पण त्या वेळी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. घरी येऊन गुगल केलं आणि जास्तच घाबरलो. जीजेबी२ म्हणजे गॅप जंक्शनचं प्रथिन, गॅप जंक्शन हृदयात असतात, त्वचेत असतात, डोळ्यात असतात. त्यात डॉक्टरांनी ईसीजी काढून आणायला सांगितलाय. म्हणजे पोराच्या हृदयातही काही आहे का?

आम्हा दोघांना चांगलं ऐकू येतं. दोन्ही घरांत कुणी बहिरं नाही. आमचं लग्न नात्यातलं नाही, माहेर-सासरमध्ये दीडशे किलोमीटर अंतर आहे. मग हे आलं कुठून? आणि जनुकच खराब असेल तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र, बसवून उपयोग होणार का?

एक आणखी. आई म्हणते सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि हिनं भाजी चिरली. रोज म्हणते. बायको काही बोलत नाही, पण जेवत पण नाही. आईला सांगता येईल अशा भाषेत कुणी लिहिलं तर उपकार होतील.

मास्तरीणबाई

मी सरकारी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त. मी तुमच्या मुलाची डॉक्टर नाही, तेव्हा औषधोपचाराचं त्यांनाच विचारा. पण प्रथिनाचं मी सांगू शकते, आयुष्यभर तेच केलं.

आधी त्या ताटाचं. या ताटानं फार मुलांचे महिने खाल्ले आहेत. ताट वाजवताना हात हलतो, सावली पडते, फरशीतून धक्का जातो, आणि समोर बसलेल्या चार जणांच्या नजरा एकदम मुलाच्या मागे जातात. न ऐकणारं मूल या सगळ्यावर आपल्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून असतं. तो वळला म्हणजे हुशार आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. इथे कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल तर ताट मांडणीवरच ठेवा आणि ओएई, म्हणजे तान्ह्या बाळाच्या कानाची यंत्रानं होणारी तपासणी, करून घ्या. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभरचा शिरस्ता आहे.

आता गॅप जंक्शन. जुन्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांच्या मधल्या भिंतीला झरोका असायचा. त्यातून विरजण, वाटीभर साखर, 'पाणी आलं गं' एवढा निरोप इकडचा तिकडे जायचा. माणूस जाऊ शकत नसे. आपल्या बहुतेक पेशींची शेजारणींशी अशीच थेट ये-जा असते, आणि तो झरोका ज्या प्रथिनाचा बनतो ते कॉनेक्झिन. एका पेशीच्या पटलात सहा कॉनेक्झिन गोलाकार उभी राहतात, की झाली अर्धी नळी. शेजारच्या पेशीत तशीच दुसरी अर्धी. दोन्हींची तोंडं जुळली की बारा प्रथिनांची एक सलग नळी तयार. दोन पटलांमधली फट जेमतेम २ ते ३ नॅनोमीटरची. अशा शेकडो नळ्या एका जागी दाटीनं बसलेल्या असतात. त्यांतून पोटॅशियम, कॅल्शियम, ग्लुकोज, एटीपी (पेशीचं इंधन), आयपी३ (पेशीतला निरोप्या) असली किरकोळ वजनाची मंडळी जातात. साधारण १००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) वर गेलं की प्रवेश बंद, म्हणजे प्रथिनं आणि डीएनए आपापल्या घरात. या नळ्या कायमच्याही नसतात. पेशी त्या काही तासांत मोडते आणि नव्या घालते. विद्यार्थ्यांना मी हे सांगायचे तेव्हा त्यांचा विश्वास बसत नसे. इतकी खटपट करून उभं केलेलं बांधकाम, आणि संध्याकाळपर्यंत पाडायचं!

माणसात कॉनेक्झिनची २१ जनुकं आहेत आणि प्रत्येक अवयवाची आपली निवड ठरलेली आहे. तुमच्या धास्तीचं उत्तर इथेच आहे. हृदयाच्या जवनिकांमध्ये काम करतं ते कॉनेक्झिन ४३, कर्णिकांमध्ये त्याच्या जोडीला ४०. डोळ्याच्या भिंगात ४६ आणि ५०. त्यांत दोष असेल तर जन्मजात मोतीबिंदू होतो, कारण भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत, आतल्या पेशींचं पोट या नळ्यांवरच चालतं. हातापायांच्या नसांवर आवरण घालणाऱ्या पेशींत ३२. जीजेबी२ हे जनुक १३व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातून बनतं कॉनेक्झिन २६. हृदयाचं काम त्याच्यावर अडत नाही. त्वचेत ते आहे, आणि त्यातल्या काही वेगळ्या बिघाडांत तळहात-तळपाय जाड होतात, पण ते बिघाड एका प्रतीनेच त्रास देणारे असतात, कारण तिथे बिघडलेलं प्रथिन तयार होऊन चांगल्या प्रथिनांच्या कामात खोडा घालतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत प्रथिन तयारच होत नाही. २२६ अमिनो आम्लांची साखळी व्हायची, तर २४व्या जागी ट्रिप्टोफॅनच्या ऐवजी 'थांबा' अशी खूण आली आहे. २३ जोडून काम बंद. डब्ल्यू२४एक्स म्हणजे एवढंच. त्वचेत इतर कॉनेक्झिन वेळ मारून नेतात. कानात ते जमत नाही.

कानात काय होतं ते जरा सावकाश सांगते, कारण इम्प्लांटचं उत्तर त्यात आहे.

आतल्या कानात, कॉक्लियात, आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. एका कानात साधारण १५ हजार, म्हणजे एखाद्या छोट्या गावाएवढ्या, आणि मेल्या की परत येत नाहीत. त्यांच्या माथ्यावर एक द्रव आहे. शरीरातला पेशींबाहेरचा कुठलाही द्रव सोडियमनं भरलेला असतो, हा एकटा पोटॅशियमनं भरलेला. रक्तात पोटॅशियम ४ ते ५ मिलिमोल, इथे १५० च्या आसपास. वर सुमारे ८० मिलिव्होल्टचा धन दाब. आवाजानं केस हलले की दार उघडतं, पोटॅशियम केसपेशीत धावतो, आणि पेशी नसेला कळवते. पुढे तो पोटॅशियम केसपेशीच्या बुडातून बाहेर पडतो आणि तो तिथे साचून चालत नाही. आजूबाजूच्या आधारपेशी तो उचलतात, आपापसांत पुढे सरकवतात आणि कडेच्या भिंतीपर्यंत पोचवतात. तिथून तो पुन्हा वरच्या द्रवात. आधारपेशींमधल्या या सरकवासरकवीच्या नळ्या कॉनेक्झिन २६ आणि ३० यांच्या.

यातली गंमत अशी, की खुद्द केसपेशींना गॅप जंक्शन नसतातच. तुमच्या मुलाच्या केसपेशींचं जनुक वापरात असलं-नसलं काही बिघडत नाही. बिघडलंय ते त्यांना सांभाळणाऱ्या शेजारणींचं.

आम्ही शिकवायचो तेव्हा एवढ्यावर धडा संपायचा. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांनी यात बरीच भर घातली. कॉनेक्झिन २६ काढून टाकलेल्या उंदरात कान ऐकू लागण्याच्या आधीच रचना चुकते, केसपेशींच्या आतल्या आणि बाहेरच्या रांगांमध्ये जो बोगदा उघडायला हवा तो उघडत नाही. म्हणजे पोटॅशियम साचणं हे एकमेव कारण नाही. वाढीच्या वयात पेशी एकमेकींना कॅल्शियमच्या लाटांमधून जे निरोप देतात ते पोचत नाहीत, खाद्यही नीट पोचत नाही. यातलं कुठलं किती, यावर अजून वाद चालू आहेत. मला स्वतःला बांधणीचा मुद्दा जास्त पटतो.

पण केसपेशींकडून मेंदूकडे जाणारी नस या सगळ्याच्या बाहेर आहे. तिला या प्रथिनाची गरज नाही. इम्प्लांटची तार केसपेशींना आणि आधारपेशींना वगळून थेट त्या नसेला वीज देते. म्हणून जीजेबी२ची मुलं इम्प्लांटनंतर साधारणपणे चांगली प्रगती करतात. जनुक खराब म्हणून उपयोग नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला नम्रपणे चहा पाजून घरी पाठवा. या निदानात ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. घाई मात्र करा. नस शाबूत असली तरी मेंदूचा ऐकायला शिकण्याचा काळ ठरलेला असतो.

ईसीजीचं : तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं, पण कारण दुसरं. एका वेगळ्या आजारात बहिरेपणाबरोबर हृदयाच्या लयीचा धोका असतो. वर सांगितलेल्या द्रवात पोटॅशियम भरणारा जो मार्ग आहे, नेमका तोच हृदयाचा ठोका आवरतानाही लागतो. त्याचं जनुक बिघडलं तर कान आणि हृदय दोन्हीला झळ बसते. त्याचं नाव जर्व्हेल-लांगे-नील्सन, जनुक केसीएनक्यू१ किंवा केसीएनई१, कॉनेक्झिनशी संबंध नाही. जन्मजात बहिऱ्या मुलाला भूल देण्याआधी ही शंका फेडून घेतात. तुमच्याकडे कारण सापडलेलं आहे, तेव्हा ईसीजी बहुधा साधाच येईल. पाच मिनिटांचं काम आहे, काढून टाका.

आता 'आलं कुठून'. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची एक वडिलांची. एक चांगली असली की नळ्या पुरेशा बनतात, ऐकू येतं. तुम्ही दोघं तसे आहात, रिपोर्टातलं हेटेरोझायगस म्हणजे हेच. मुलाकडे दोन्हींकडून नेमकी बिघडलेली प्रत गेली, म्हणून त्याच्यापुढे होमोझायगस. प्रत्येक खेपेला याची शक्यता चारात एक. कुटुंबात कुणी बहिरं नसणं हेच अशा आजारात नेहमीचं, कारण ही प्रत पिढ्यान्‌पिढ्या न दिसता चालत येते.

नात्यातलं लग्न नाही हे खरं, पण जातीतलं आहे ना? मग दीडशे किलोमीटरला काही अर्थ नाही. डब्ल्यू२४एक्स ही आपल्या उपखंडाची खास खूण आहे. युरोपात या जनुकाचा वेगळा बिघाड जास्त दिसतो, ३५डेलजी, चीन-जपानकडे २३५डेलसी. आणि डब्ल्यू२४एक्स भारताबाहेर ठळकपणे कुणात सापडतो, तर स्लोव्हाकिया आणि स्पेनमधल्या रोमा लोकांत. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इथून निघाले. भाषा बदलली, धर्म बदलले, ही खूण तेवढी बरोबर राहिली. म्हणजे तुमच्या मुलाचा बिघाड ग्रहणाच्याच काय, तुमच्या गावच्या देवळाच्याही आधीचा आहे.

आईंना हेच सांगा. ज्या दिवशी गर्भ राहिला त्याच दिवशी हे ठरलं होतं, सातव्या महिन्यातल्या भाजीपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. आणि दोनांतली एक प्रत तुमच्याकडून आली, म्हणजे त्यांच्याच घरातून. हे शेवटचं वाक्य जपून वापरा, पण सूनबाई जेवत नसतील तर वापराच.

चिमणीची आई

बाईंनी सगळं सांगितलं, मी घरातलं सांगते. माझ्या मुलीचं हेच जनुक. इम्प्लांट दोन वर्षांची असताना झालं, आता पाचवीत आहे, मराठी शाळेत. भांडते, खोटं बोलते, वर्गात बडबडीबद्दल ओरडा खाते.

पैशांचं आधी बघा. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे, म्हणून वय वाढू देऊ नका. मशीन मिळालं तरी पुढे वायर तुटते, कॉइल (डोक्याला बाहेरून चिकटणारी चकती) जाते, बॅटऱ्या लागतात. ते खिशातून. त्याची तजवीज पहिल्या दिवसापासून ठेवा.

ऑपरेशननंतर स्विच ऑनच्या दिवशी व्हिडिओत दाखवतात तसं मूल हसेलच असं नाही. आमची भोकाड पसरून रडली आणि कॉइल ओढून फेकली. ती जाऊन लोखंडी कपाटाला चिकटली, आतलं लोहचुंबक हो. घरात सगळे हसले, तेवढंच. मग मॅपिंग, म्हणजे मशीनचा आवाज मुलाला जुळवून घेणं, मग थेरपी. खरं काम ते. रोज सकाळी तोंडासमोर हात धरून सहा आवाज काढायचे, आ, ऊ, ई, श, स, म. ज्याला प्रतिसाद देत नाही त्याची वहीत नोंद. आमच्याकडे 'स' फार उशिरा आला. पोळी लाटता लाटता, केस विंचरताना, बाजारात, सतत बोलत राहायचं. माझ्या सासूबाई तर गप्प बसायच्या नाहीत म्हणून मी वैतागायचे, त्याच सगळ्यांत उपयोगी पडल्या. तुमच्या आईंना तेच काम द्या.

पावसाळ्यात रात्री मशीन ड्राय बॉक्समध्ये. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर बाहेरचा भाग काढून ठेवायचा, स्थिर विजेनं मॅप जाऊ शकतो असं आम्हाला सांगितलंय.

कोदंड७१

उत्तम धागा. वारणाकाठ, तुम्हाला शुभेच्छा.

बाई, जरा अवांतर, पण विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या वडिलांना हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला आणि आता लय बिघडण्याचा धोका आहे म्हणतात. त्यात या कॉनेक्झिन ४३ चा हात असतो का? आणि कर्करोगाच्या पेशींत गॅप जंक्शन नसतात असं कुठेतरी वाचलंय, ते खरं का?

मास्तरीणबाई

कोदंड, अवांतर कसलं, मला हृदयावर बोलायला कारणच हवं असतं.

फार काळ लोकांना वाटायचं की हृदयाचा स्नायू म्हणजे सलग एकच पेशी, म्हणून सगळं एकदम आकुंचन पावतं. १९५४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसलं की नाही, प्रत्येक पेशीला आपलं स्वतंत्र पटल आहे. मग वीज भिंत ओलांडते कशी? बर्नच्या सिल्व्हिओ वाइडमान यांनी १९६६ मध्ये फार सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. हृदयस्नायूच्या बारीक पट्टीचं एक टोक किरणोत्सारी पोटॅशियमच्या द्रावणात, दुसरं साध्या द्रावणात. पोटॅशियम पेशीमागून पेशी ओलांडत पार पुढे गेला. एका पेशीच्या लांबीपेक्षा कितीतरी पुढे. म्हणजे मधे वाट आहे. आधी चेताकोशांत अशी विजेची वाट १९५९ मध्ये फर्शपन आणि पॉटर यांनी दाखवली होती, चिंगाटीसारख्या एका गोड्या पाण्यातल्या प्राण्यात. शिकवताना मी हा वाइडमानांचा प्रयोग दर वर्षी फळ्यावर काढायचे. साधी पट्टी, दोन पेले, आणि निकाल वादातीत.

अ‍ॅटॅकमध्ये काय होतं? रक्त बंद झालेल्या भागातल्या पेशींत आम्ल आणि कॅल्शियम वाढतं, आणि या दोन्हींमुळे नळ्या मिटतात. हे शरीराचं शहाणपण आहे. मरणाऱ्या पेशीशी दार उघडं राहिलं तर तिचं कॅल्शियम शेजारणीत शिरेल आणि तीही जाईल. एंगेलमान यांनी १८७७ मध्येच पाहिलं होतं की कापलेल्या हृदयस्नायूची इजा थोड्याच वेळात आसपासपुरती मर्यादित होते. नळ्या कुणाला ठाऊकही नव्हत्या तेव्हा.

त्रास होतो तो नंतर, व्रणाच्या कडेला. तिथल्या जिवंत पेशींत कॉनेक्झिन ४३ कमी होतं, आणि पेशींच्या टोकांना असायचं ते बाजूंना पसरतं. मग वीज सरळ न जाता हळू आणि वाकडीतिकडी जाते, आणि वळसा घालून परत त्याच ठिकाणी आली की लय बिघडते. तंतुमय व्रण, इतर आयनमार्गांचे बदल हेही सोबत असतात, एकट्या कॉनेक्झिनवर खापर फोडू नका. वडिलांच्या गोळ्या ठरल्या वेळी चालू ठेवा, बाकी हृदयरोगतज्ज्ञ बघतील.

याच कॉनेक्झिन ४३ चं चांगलं काम बाळंतपणात दिसतं. गर्भाशयाच्या स्नायूत ते नऊ महिने कमी असतं आणि कळांच्या सुमारास भराभर वाढतं, म्हणून सगळा स्नायू एका तालात आकुंचन पावतो. उंदरांत हे १९७७ मध्ये दिसलं.

कर्करोगाचं : लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी १९६६ मध्ये यकृताच्या गाठीत पाहिलं, की निरोगी यकृतपेशी एकमेकींशी जोडलेल्या, गाठीतल्या नाहीत. त्यावरून कल्पना आली की शेजारणींचे 'आता वाढ पुरे' असे निरोप न पोचणं हाच कर्करोग. कल्पना देखणी, पण अर्धीच खरी निघाली. बऱ्याच गाठींत सुरुवातीला नळ्या कमी होतात हे ठीक, पण पुढे पसरताना काही पेशी याच नळ्या परत वापरतात. मेंदूत पोचलेल्या कर्करोगपेशी तिथल्या तारकापेशींशी, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींशी, कॉनेक्झिन ४३ नं जोडून घेतात आणि औषधाला दाद देत नाहीत, असं २०१६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून 'गॅप जंक्शन वाढवा, कर्करोग टाळा' असल्या जाहिराती दिसल्या की पुढे जा.

जाता जाता : प्रयोगशाळेत या नळ्या बंद करायला सर्रास वापरतात ती द्रव्यं ज्येष्ठमधातल्या घटकावरून बनलेली. म्हणून कुणी घशासाठीची काडी फेकून देऊ नका, प्रयोगातली मात्रा वेगळीच असते.

गावठी शंका

जीन थेरपीनं बहिरी मुलं ऐकायला लागली अशी बातमी होती. या दादांनी त्यासाठी थांबावं का?

मास्तरीणबाई

थांबू नये. २०२४ च्या सुरुवातीला शांघायहून आलेली ती बातमी खरी, पण ती ओटोफर्लिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची. तिथे एकाच प्रकारच्या केसपेशीत जनुक पोचवायचं असतं आणि कानाची रचना शाबूत असते. जीजेबी२ मध्ये अनेक प्रकारच्या आधारपेशींत पोचवायचं, आणि केसपेशींत मात्र जाऊ द्यायचं नाही, तिथे कॉनेक्झिन २६ घातकच ठरतं. शिवाय रचनाच चुकली असेल तर नंतर प्रथिन देऊन किती फायदा, हा प्रश्न आहेच. काम मुख्यतः प्राण्यांवर चालू आहे. या मुलाची भाषा शिकण्याची वर्षं तोवर वाट बघणार नाहीत.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ईसीजी काढला, साधा आला. बाई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, जपून वापरायचं वाक्यही वाचलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग ते माझ्याकडून आलं का ह्यांच्याकडून?" वडील तिथून उठून गोठ्यात गेले. बायको हसली.

इम्प्लांटसाठी कागदपत्रं करायला घेतलीत. आता दोन गोष्टी आणखी. दुसऱ्या मुलाचा विचार केला तर काय करायचं? आणि माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरायच्या बेतात आहे. आई म्हणते मुलीकडच्यांना यातलं काही बोलायचं नाही. भावाला ते पटत नाही, मला पण नाही.

मास्तरीणबाई

आईंच्या प्रश्नाचं उत्तर रक्त तपासून मिळेल, पण कशाला? चांगली प्रत दोघांकडेही आहे, म्हणूनच दोघांना ऐकू येतं.

दुसऱ्या मुलाला पुन्हा चारात एकच शक्यता, पहिल्याला झालं म्हणून ती कमी होत नाही. बिघाड नेमका माहीत असल्यामुळे गरोदरपणात तपासणी करता येते, अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा किंवा सोळाव्याच्या पुढे गर्भजल. करायची का, आणि निकाल हाती आल्यावर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी त्या समुपदेशक मॅडमकडे पुन्हा जाऊन ठरवा, या वेळी प्रश्न वहीत लिहून न्या. मला विचाराल तर न ऐकणारं मूल आणि गंभीर आजारी मूल या एका मापात तोलायच्या गोष्टी नाहीत. तपासणी नकोच असं ठरलं तरी बाळाची बेरा पहिल्या महिन्यात आणि रक्त जन्मल्या जन्मल्या. सहाव्या महिन्याच्या आत यंत्र कानाला लागलेलं असेल.

भावाकडे ही प्रत असण्याची शक्यता निम्मी. असली तरी त्याला काही होणार नाही, आणि होणाऱ्या बायकोकडे या जनुकाचा बिघाड नसेल तर मुलांना यामुळे बहिरेपणा येणार नाही. तेव्हा आधी भावाचं एकट्याचं रक्त तपासा. त्या एका जागेपुरतंच बघायचं असल्यामुळे खर्च तुमच्या रिपोर्टाएवढा येणार नाही. नसेल तर विषयच संपला. असेल तर मुलीला सांगायचं, मध्यस्थाला नाही, मुलीला, आणि भावानं स्वतः. तिचं पूर्ण जीजेबी२ बघायचं, फक्त डब्ल्यू२४एक्स नाही, कारण त्याच जनुकातला दुसरा बिघाड तिच्याकडे असला तरी जोडी जमते. लपवलंत आणि पाच वर्षांनी त्यांचं बाळ ताटाला वळायला लागलं, तर त्या घरात काय होईल ते तुम्ही नुकतंच बघितलंय.

आणि हो, ऑपरेशनच्या आधी न्यूमोकोकलची लस पूर्ण झाली आहे का, ते मुलाच्या कार्डावर बघा. इम्प्लांट असलेल्या मुलांत मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून सर्जन ती मागतातच. राहिली असेल तर या आठवड्यात घेऊन टाका, नाहीतर तारीख पुढे जाईल.